हॅट उलटी करून वाचावी

परदेशी माणसाला त्याच्या डोक्यावरून ओळखण्याची महाराष्ट्राची रीत जुनी आहे. शिवशाहीच्या व पेशवाईच्या कागदपत्रांत इंग्रज, डच, पोर्तुगीज या साऱ्यांना मिळून एकच नाव आढळते, ते म्हणजे ‘टोपीकर’. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात या टोपीकरांशी कसे वागावे, त्यांच्यापासून किती सावध असावे, याचा स्वतंत्र विचार केलेला आहे. आजचा आमचा विषय टोपीकरांचा नसून त्यांच्या टोपीचा आहे. आणि त्यातही जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांत पुरुषांसाठी झालेल्या जुन्या फेल्ट हॅटचा. या हॅट कशा ओळखाव्यात आणि जमवावयाच्या झाल्यास कोणत्या दृष्टीने जमवाव्यात, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

ज्याचे आयुष्य बोनस, महागाईभत्ता आणि कामाचे तास यांच्या गोष्टी करण्यात गेले, त्या युनियनच्या माणसाने साहेबी हॅटवर बोलावे याची काही मंडळींना गंमत वाटेल. त्यांस आमचे उत्तर साधे आहे. माणसाने केलेल्या प्रत्येक वस्तूला दोन बाजू असतात. एक घेणाऱ्याची व दुसरी करणाऱ्याची. बहुतेक वस्तूंत ही दुसरी बाजू दिसतच नाही. हॅटमध्ये मात्र ती अक्षरशः दिसते. बाहेरून पाहिली तर घालणारा कळतो आणि उलटी करून आतून पाहिली तर करणारा कळतो. आमच्या संग्रहात मोजून सात हॅट आहेत. त्या डोक्यावर घालण्यासाठी आम्ही घेतल्या नाहीत, वाचण्यासाठी घेतल्या आहेत.

प्रथम फेल्ट म्हणजे काय ते पाहू. आपल्या धनगरांचे घोंगडे आधी कातले जाते व मग विणले जाते. त्यात सूत आहे, ताणा-बाणा आहे. फेल्टमध्ये सूतही नाही आणि वीणही नाही. जनावराचे केस किंवा लोकर नुसती एकावर एक पसरून, ओलावा, उष्णता आणि दाब देऊन एकजीव केलेला तो पदार्थ आहे. आपल्याकडे त्याला नमदा म्हणतात. लोकरीच्या धाग्याला सूक्ष्म खवले असतात. गरम पाण्यात चोळल्यावर ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला तर तो आटून लहान मुलाच्या मापाचा होतो, हे घरोघरच्या गृहिणींना ठाऊक आहे. जी घरात फजिती ठरते, तीच हॅटच्या कारखान्यात कला ठरते.

हॅटचे फेल्ट मुख्यतः दोन प्रकारचे. एक मेंढीच्या लोकरीचे व दुसरे ससा, रानससा किंवा बीव्हर या जनावरांच्या मऊ केसांचे. जर्मन भाषेत पहिल्याला ‘वोल’ आणि दुसऱ्याला ‘हार’ म्हणतात, आणि पुष्कळ हॅटच्या आत हे शब्द छापलेलेही असतात. हे दोन शब्द ओळखता आले की ओळखीचे निम्मे काम झाले. शब्द पुसले गेले असल्यास बोटांनी ओळखावे. केसांचे फेल्ट हलके, दाट, रेशमासारखे गुळगुळीत लागते आणि पातळ असूनही आकार सोडत नाही. लोकरीचे फेल्ट त्यामानाने जाड व खरखरीत लागते. केसांची लव लांब ठेवून मखमलीसारखी केली तर त्या फेल्टला ‘वेलूर’ म्हणतात. अर्थात केसांची हॅट महाग, लोकरीची स्वस्त. स्वस्त हॅट पावसात टिकावी यासाठी जर्मनीच्या पूर्वेकडील गूबेन या गावच्या कार्ल गोटलोब विल्के याने १८५४ मध्ये पाऊस सोसणारे लोकरीचे फेल्ट तयार केले, आणि मध्यम स्थितीतल्या माणसाच्या डोक्यावर चांगली हॅट आली. गूबेनचे नाव त्या हॅटबरोबर जगभर गेले.

आता महाग हॅटची दुसरी किंमत ऐका. सशाचा केस गुळगुळीत असतो. लोकरीप्रमाणे तो आपण होऊन एकमेकांत अडकत नाही. त्याला अडकावयास लावण्यासाठी कातड्यावर पारा आणि नायट्रिक ॲसिड यांच्या संयुगाचे पाणी ब्रशाने चोळीत असत. वाळल्यावर केसांची टोके गाजरासारखी नारिंगी दिसत. मग ते केस कातड्यावरून कापावयाचे, पिंजावयाचे, उकळत्या पाण्यात आटवावयाचे आणि वाफेवर आकार द्यावयाचा. या प्रत्येक पायरीला पाऱ्याची वाफ व धूळ कामगाराच्या छातीत जात असे. प्रथम हिरड्या सुजत व दात हलू लागत. मग हात थरथरू लागत. पेला तोंडाशी नेता येत नसे, सही करता येत नसे. पुढे स्वभाव बदले. माणूस बुजरा होई, चिडखोर होई, चारचौघांत यावयास भिई. इंग्रजीत ‘टोपीवाल्यासारखा वेडा’ असा जो वाक्प्रचार आहे, त्याचा संबंध सर्रास या रोगाशीच जोडला जातो. लोकांनी तो विनोद म्हणून वापरला. ज्याच्या घरात असा माणूस होता, त्या घराला त्यात हसण्यासारखे काही दिसले नसेल.

ही हकीकत कोणास ठाऊक नव्हती असे नाही. १९२५ मध्ये जर्मनीने व्यावसायिक रोगांना नुकसानभरपाई देणारा नियम केला, तेव्हा त्या यादीत पाऱ्याच्या विषबाधेचा समावेश करावा लागला. त्याच वर्षी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने आपल्या अठराव्या करारात शिसे, पारा आणि काळपुळी यांना कामातून होणारे रोग म्हणून मान्यता दिली. अमेरिकेत हॅटच्या धंद्यातून पारा हद्दपार व्हावयास १९४१ साल उजाडले. पाऱ्यावाचूनही केस आटवता येतात, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी द्रव्ये ते काम करतात, हे त्या धंद्याने अखेर करून दाखवले. तेव्हा पारा हा अटळ दैवयोग नव्हता. तो सोयीचा होता, एवढेच.

म्हणून आमच्या संग्रहातील साध्या लोकरीच्या हॅटला आम्ही कमी लेखीत नाही. बाजारात तिला भाव नाही. परंतु लोकरीला पाऱ्याची गरज पडत नसे, आणि तिच्या कारागिराचे हात पाऱ्यापायी थरथरले नसतील, असे आम्ही निःशंकपणे म्हणू शकतो.

फेल्टचा शंकू तयार झाला की तो रंगवावयाचा, लाकडी ठोकळ्यावर ताणावयाचा आणि त्याला ताठपणा द्यावयाचा. हा ताठपणा कशाने येत असे? लाखेने. लाख ही झाडांवर वाढणाऱ्या किड्याची देणगी. ती छोटा नागपूरच्या जंगलांत आदिवासी स्त्रीपुरुष काढीत आणि तिच्यापासून झालेली चपडी लाख कलकत्त्याच्या बंदरातून युरोपात जाई. व्हिएन्नाच्या रस्त्यावर एखादा सद्गृहस्थ ताठ काठाची हॅट उंचावून नमस्कार करी, तेव्हा त्या काठाच्या ताठपणात आपल्याकडच्या मजुराचाही वाटा असे.

रंगाईचे काम म्हणजे ॲसिडच्या वाफांचे काम. याबाबत एका कारखान्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. बर्लिनच्या दक्षिणेस लुकेनवाल्डे नावाचे गाव आहे. तेथे १९२१ ते १९२३ या काळात एरिख मेंडेलझोन या तरुण वास्तुशिल्पज्ञाने हॅटचा एक कारखाना बांधला. त्याने रंगाईघरावर उंच, निमुळते होत गेलेले छप्पर चढवले. लांबून पाहणाऱ्यास वाटावे की इमारतीनेच हॅट घातली आहे. तो देखावा खराच, पण त्या उंच छपरातून विषारी वाफा वर चढून बाहेर जात आणि खालचा कामगार बऱ्या हवेत श्वास घेई. आम्ही कारखान्यांच्या दारांत बरीच वर्षे उभे राहिलो आहोत. छप्पर बांधताना कामगाराच्या छातीचा हिशेब धरला गेला अशी उदाहरणे फार थोडी असतात, म्हणून हे उदाहरण आम्हांस मोलाचे वाटते. पुढे नाझी राजवटीत तेथील ज्यू मालकांना कारखाना सोडावा लागला, तेथे शस्त्रे तयार होऊ लागली आणि ते छप्पर उतरवण्यात आले. मेंडेलझोन हाही ज्यू. त्याने १९३३ मध्येच देश सोडला होता. अलीकडे त्या छपराचा आकार पुन्हा उभारण्यात आला आहे.

आता बाह्य आकाराकडे वळू. हॅटच्या वरच्या उंच भागाला आपण टोपा म्हणू आणि भोवतालच्या पसरट भागाला काठ म्हणू. टोप्याला मधोमध एकच लांब खळगा, काठ ताठ, वर वळलेला आणि कडेला फितीची गोट, अशी हॅट दिसली की ती ‘होम्बुर्ग’. बाड होम्बुर्ग या जर्मन गावी स्नानासाठी जाणाऱ्या इंग्लंडच्या युवराजाने, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती उचलली आणि सारे प्रतिष्ठित जग ती घालू लागले. ऑस्ट्रियाच्या डोंगराळ भागातील हॅट निराळी. टोपा निमुळता, काठ अरुंद, रंग हिरवा किंवा करडा, भोवती गोफ आणि मागे केसांचा झुबका. या झुबक्याला ‘गाम्सबार्ट’ म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘शॅमॉयची दाढी’ असा होतो. शॅमॉय ही तिकडची डोंगरी बकरी. पण ते केस दाढीचे नसून पाठीच्या कण्यावरचे असतात आणि त्यांची टोके पांढुरकी असतात. त्या पांढऱ्या टोकांवर त्याची किंमत ठरते.

तिसरी एक हॅट इतिहासाची आहे. १८४८ च्या क्रांतीत बाडेन प्रांतातील लोकसत्तावादी पुढारी फ्रीडरिख हेकर हा रुंद काठाची मऊ फेल्ट हॅट घालीत असे. ‘हेकर हॅट’ हे लोकशाहीवाल्याचे चिन्ह बनले. उंच, ताठ, काळी हॅट म्हणजे राजनिष्ठा आणि मऊ हॅट म्हणजे बंडखोरी, असे समीकरण झाले व पोलीस तशा हॅटकडे संशयाने पाहू लागले. क्रांती फसली आणि हेकर अमेरिकेत गेला. तेथील यादवी युद्धात तो गुलामगिरीच्या विरुद्ध बाजूने लढला. हॅट आणि राजकारण यांचे नाते आपल्यालाही नवे नाही. भगतसिंगांचे १९२९ चे हॅटमधील छायाचित्र कोणी पाहिले नाही? मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जर्मनीत हॅट हे बहुधा वरच्या व मधल्या वर्गाचे लेणे होते आणि कामगाराची ओळख कापडी टोपीने होत असे. हॅटच्या कारखान्यात जाणारे कित्येक जण स्वतः साधी टोपी घालून जात असणार. आपल्याकडे तलम कापड विणणारा जाडेभरडे नेसत असे, त्यातलाच हा प्रकार.

आता हॅट उलटी करू. पाहण्याचा क्रम ठरवून घ्यावा. प्रथम आतील चामड्याची पट्टी. तिला जर्मनीत घामाचे चामडे म्हणतात, आपण घामपट्टी म्हणू. तिच्यावर सोनेरी छाप असतो. दुसरे, अस्तर, बहुधा साटिनचे, मध्यावर चिन्ह छापलेले. तिसरे, घामपट्टी हलकेच उलटली असता तिच्या मागे दिसणारी कागदी चिठ्ठी. तिच्यावर माप, नमुन्याचा क्रमांक आणि कधी रंगाचे नाव असते. ही चिठ्ठी सर्वांत बोलकी आणि सर्वांत नाजूक. ती ओढू नये, सोडवू नये. आहे तेथेच वाचावी. माप सेंटिमीटरमध्ये असते. ५७ म्हणजे डोक्याचा घेर ५७ सेंटिमीटर. इंग्लंड-अमेरिकेच्या हॅटवर सात, सव्वासात असे लहान आकडे असतात, त्यावरून फरक कळतो. चौथी, बाहेरची फीत आणि तिची गाठ. पाचवी, टोप्याभोवती बारीक दोरी व तिच्या टोकाला गुंडी असल्यास ती. वारा सुटला की ती कोटाला अडकवीत.

नवशिक्याची फसगत येथे होते. सोनेरी अक्षरांतील नाव करणाऱ्याचे असेलच असे नाही. पुष्कळ वेळा ते विकणाऱ्या दुकानदाराचे असते. कारखानदाराचे चिन्ह अस्तरावर किंवा त्या चिठ्ठीवर शोधावे. नावे तरी कोणती? उल्म येथे १८०० मध्ये सुरू झालेले मायझर; व्हिएन्नाचे हाबिग, जे ऑस्ट्रियाच्या राजदरबाराला हॅट पुरवीत; मोरेव्हियातील नॉयटिट्शाइन गावचे ह्युकेल; आणि गूबेनचे कारखाने. जे हात प्रत्यक्ष राबले त्यांचे नाव मात्र यांपैकी कोठेच नसते.

काळ ओळखावयाचा तो छापातील शब्दांवरून. ‘का. उ. का.’ अशी अक्षरे म्हणजे ‘सम्राटाचे व राजाचे’. ऑस्ट्रिया-हंगेरीची ही जोडसत्ता १८६७ मध्ये आली आणि १९१८ मध्ये संपली. दरबारी पुरवठ्याचा हा किताब असलेली हॅट सामान्यतः त्या दरम्यानची. काही दुकानदारांनी राजा गेल्यावरही किताब मिरवला, म्हणून दुसरा पुरावा जुळवून पाहावा. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द १८८७ च्या ब्रिटिश कायद्यानंतरचे. स्वस्त जर्मन माल लोकांनी ओळखून टाळावा म्हणून इंग्लंडने ते लिहावयास लावले आणि पुढे तेच शब्द चांगल्या मालाची खूण ठरले. ‘डी. आर. पी.’ म्हणजे जर्मन साम्राज्याचे पेटंट. ते १८७७ ते १९४५ या काळातले. ‘वेस्टर्न जर्मनी’ असे असेल तर हॅट दुसऱ्या महायुद्धानंतरची. ‘व्ही. ई. बी.’ ही अक्षरे पूर्व जर्मनीतील राष्ट्रीयीकृत कारखान्याची, म्हणजे १९९० पूर्वीची.

गावाचे नावसुद्धा साल सांगते. नॉयटिट्शाइनची हॅट घ्या. सोबत ऑस्ट्रियाचे नाव असेल तर ती १९१८ पूर्वीची. चेकोस्लोव्हाकियाचे नाव असेल तर त्यानंतरची. १९३८ मध्ये हिटलरने तो भाग जर्मनीला जोडला. १९४५ मध्ये कारखान्याचे राष्ट्रीयीकरण झाले, जर्मन भाषिक लोकांना हाकलण्यात आले, गाव नोवी यिचीन या चेक नावानेच उरले आणि हॅटवर ‘टोनाक’ हा नवा छाप आला. कारखाना तोच, ठोकळेही कदाचित तेच. पण एका पिढीत हॅटच्या आतला देश तीनदा बदलला. गूबेनचे तर दोन तुकडेच झाले. १९४५ मध्ये नाइसे नदी ही सरहद्द ठरली. पूर्वेकडचे गाव पोलंडचे, पश्चिमेकडचे जर्मनीचे. पश्चिमेकडील गावाला १९६१ ते १९९० पर्यंत विल्हेल्म पीक याचे नाव होते. तो गूबेनमध्ये जन्मलेला एक सुतार. पूर्व जर्मनीचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. ते नाव हॅटमध्ये आढळले तर साल शोधण्यास दूर जावे लागत नाही.

एका छापाविषयी मात्र गांभीर्याने बोलले पाहिजे. १९३३ च्या २ मे रोजी नाझींनी जर्मनीतील कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या आणि पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले. आदल्याच दिवशी मे-दिनाचा सरकारी सोहळा झाला होता. त्याच वर्षी कपड्यांच्या धंद्यातून ज्यूंना हुसकण्यासाठी ‘आडेफा’ नावाची कारखानदारांची संस्था निघाली. माल ‘आर्य’ हातांनी केला आहे असे सांगणारी तिची पट्टी कपड्यांत शिवली जाई. १९३९ मध्ये काम फत्ते झाल्यावर ती संस्था विसर्जित झाली. अशी पट्टी असलेला माल काही विक्रेते जास्त भावाने विकतात. आमचे म्हणणे असे की त्या पट्टीसाठी अधिक पैसा देऊ नये. आणि हाती आलीच तर ती कापूनही टाकू नये. कोणाच्या पोटावर पाय देऊन ती शिवली गेली, ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे. पुरावा नष्ट केल्याने अन्याय धुतला जात नाही, साक्षीदार मात्र कमी होतो.

आपल्या भाषेत ‘टोपी घालणे’ म्हणजे फसवणे, आणि या बाजारात तो अर्थ तंतोतंत लागू पडतो. जुन्या अस्तराला नवी हॅट जोडणे, फीत बदलणे, काठ कापून लहान करणे हे प्रकार चालतात. टाक्यांची भोके दुहेरी दिसली, घामपट्टीवर मळ आणि अस्तर कोरे दिसले, फितीखालचे फेल्ट बाजूच्या फेल्टइतकेच विटलेले दिसले, तर संशय घ्यावा. फितीखाली मूळ रंग ताजा राहावयास हवा.

जपणूक सोपी आहे, पण नियमाने करावी लागते. फेल्टचा मोठा शत्रू म्हणजे कसर. डांबरगोळ्या कपड्यात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात आणि दर महिन्यास डबा उघडून पाहावे. आपल्या पावसाळ्यात घामपट्टीला बुरशी येते, म्हणून डबा भिंतीपासून दूर, कोरड्या जागी ठेवावा. हॅट टोप्याच्या पुढच्या चिमटीला धरून उचलू नये, तेथेच प्रथम फाटते. काठाला दोन्ही हातांनी धरावी. ब्रश लव बसली असेल त्याच दिशेने फिरवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की संग्रहालयांतील जुन्या केसांच्या हॅटमध्ये तपासणी केली असता आजही पारा सापडतो. तेव्हा जुनी हॅट हाताळताना हातमोजे घालावेत, नंतर हात धुवावेत, बंद खोलीत तिला वाफ देऊ नये आणि मुलांच्या डोक्यावर तर ती गंमत म्हणूनही ठेवू नये. ज्या विषाने करणाऱ्याचे हात थरथरले, ते करणारा गेला तरी वस्तूत शिल्लक आहे.

संग्रह करणाऱ्याने प्रत्येक हॅटमागे एक वही-पान लिहावे. फेल्ट कोणते, माप काय, छाप कोणते, गाव कोणते, त्या गावावर तेव्हा सत्ता कोणाची, आणि हॅट आपल्याकडे कोणत्या हातून आली. ज्या हॅटमागे असे पान नाही ती फक्त जुनी वस्तू आहे. पान असलेली हॅट दस्तऐवज होते. लिंडेनबेर्ग येथे जुन्या हॅट कारखान्याच्या इमारतीतच २०१४ पासून जर्मन हॅट संग्रहालय आहे आणि नोवी यिचीनच्या वाड्यातही हॅटचे संग्रहालय आहे. तेथे हॅटइतकेच ठोकळे आणि यंत्रे यांनाही स्थान मिळते, हे योग्यच होय.

हा छंद सर्वांनी लावून घ्यावा असा आमचा आग्रह नाही. हॅट सर्वांस मिळणारही नाहीत. परंतु उलटी करून पाहण्याची सवय कोणासही लावता येते. आजोबांच्या काळ्या फेल्टच्या टोपीच्या आत, जुन्या शालूच्या पदराच्या टोकाला, बंद पडलेल्या गिरणीच्या धोतरजोडीवरील छापात कोणाचे नाव आहे आणि कोणाचे नाही, ते घरी गेल्यावर एकदा पाहावे. ज्याचे नाव नाही त्याचा तपास तेथूनच सुरू करावयाचा असतो.